पाव आटा

पैज लागली ती मातीच्या ढिगावरून. आमच्या इमारतीमागं बिल्डरनं दुसऱ्या विंगसाठी खड्डा खणला आणि तो जो गेला तो गेलाच. विंग राहिली कागदावर, माती राहिली आमच्या मागच्या खिडक्यांसमोर, दीड-दोन मजले उंच. वर झुडपं वाढली, मांजरांनी घरं केली. परवा सकाळी पंप बिघडला म्हणून आम्ही चारपाच बाप्ये बादल्या घेऊन खाली उभे होतो. पाणी नसलं की माणसांना बोलायला सुचतं. पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यानं पार्किंगच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडं बादलीनं खूण केली. चौकात चष्म्यांचं दुकान आहे त्याचं, आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर शोधत असतो. मला म्हणाला, "हे प्रेत कधी उचलतोयस?" प्रेत म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मोटरसायकल. माती-चिखलात पळवायची, उंच मडगार्डवाली, दणकट. मी म्हटलं, "प्रेत नाही हो, झोपलंय. जागं केलं तर त्या ढिगावर चढून तुमच्या न्हाणीघरात डोकावेल." "ही? ढिगावर? ही फाटकापर्यंत गेली तरी मी टाळ्या वाजवीन." "लावा पैज." "लागली. चढवलीस तर मी इमारतीला पाच फेऱ्या मारीन. मोटरसायकल होऊन. तोंडानं आवाज काढत." "हात असे धरून?" "हात असे धरून, गिअर टाकत. नाही चढली तर तू." तळमजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर, ज्यांना कशाचाही पंच व्हायला आवडतं, त्यांनी बादली खाली ठेवून जाहीर केलं, "रविवारी सकाळी दहा. वळणावर हॉर्न द्यावा लागेल." सगळे हसले. मीही हसलो. मला हसावंच लागतं. पन्नाशी उलटली तरी या इमारतीत माझी तीच नोकरी आहे. पोटासाठी मी लिफ्ट दुरुस्त करतो, पण लोक मला ओळखतात ते लिफ्टच्या दाराला 'आत बोलू नये, लिफ्ट ऐकते' अशी पाटी लावणारा म्हणून, आणि ती पाटी वाचून सहा महिने गप्प उभे राहणारे पोस्टमास्तर अजून माझ्याकडं संशयानं बघतात. तर हसलो. पण बादली उचलून जिन्याला लागलो तेव्हा तो शब्द पायात पायात येत होता. प्रेत. कुणाला म्हणाला तो, गाडीला की वर बाल्कनीत बसलेल्याला, हे त्याला विचारायची माझी छाती नव्हती.

वर दादा होता. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बाल्कनीत, हातांच्या खुर्चीत. बाल्कनीचा कठडा भरीव, सिमेंटचा, छातीपर्यंत, त्यामुळं खालून बघितलं तर नुसतं डोकं दिसतं. कुणीतरी कठड्यावर आणून ठेवल्यासारखं. पाच महिने झाले. डोक्यात रक्ताची गाठ, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले ऐकू येतं, कळत असावं, डावा हात शाबूत आहे. 'असावं' हा शब्द मी घरी घेऊन आलो आणि तेव्हापासून तो आमच्यात राहतो, जेवतो, झोपतो. शाबूत हात मांडीवर पडलेला असतो. व्यायाम घ्यायला बाई येते, ती रबरी चेंडू देते, तो घरंगळतो, ती उचलते. मी पाच महिने त्याच्यासमोर काय काय केलं. नकला केल्या, टोपी उलटी घातली, त्याच्या बुटात गाजर ठेवलं. त्याचे डोळे भिंतीवर. कधी कधी मला खरंच वाटायचं की हा नाटक करतोय. माझ्याच भावाला शोभेल असं, पाच महिने चाललेलं. तसा त्याचा माझ्यावर हिशेब बाकी आहे. विशीत असताना मी एकदा त्याच्या शर्यतीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबून ठेवली होती. गंमत. इंजिन गुदमरायला लागलं आणि हा सकाळपासून दुपारपर्यंत कार्बोरेटर खोलतोय, लावतोय, पुन्हा खोलतोय. मी कोपऱ्यात तोंड दाबून. शेवटी चिंधी सापडली. मला वाटलं मारेल, किंवा हसेल. दोन्ही नाही. चिंधी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मला वाटलं माझा कान गेला." एवढंच. नंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवायला बसला. त्या चेहऱ्याचं मी काय करावं हे मला आजवर कळलेलं नाही.

कान हीच त्याची इस्टेट. मातीवरच्या शर्यतीत गाड्या पळवणारी पोरं लांबून लांबून त्याच्याकडं यायची. तो स्वतः कधी पळवायचा नाही. गाडी चालू करायला सांगायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. कार्बोरेटरच्या स्क्रूवर बोटं माझी. त्या आवाजात बोललेलं ऐकू जाणार नाही म्हणून हाताच्या खुणा. अंगठा आणि दोन बोटं, बाटलीचं झाकण धरावं तशी, आणि थोडीशी फिरवायची. बाहेरच्या बाजूला फिरवली की पाव आटा सोड, पेट्रोल वाढव. आतल्या बाजूला, पाव आटा आवळ. पंजा सपाट, म्हणजे थांब, ऐकू दे. मूठ मिटली की झालं, हात काढ. वीस वर्षं मी त्या मुठीची वाट बघत जगलो म्हटलं तरी चालेल. मी कधी ऐकलंच नाही. ऐकायचं त्यानं, फिरवायचं मी. दोघांत मिळून एक मेकॅनिक होता आणि त्यातला मी नुसता हात. हां, एक यायचं मला. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की मी जाऊन बघून यायचो आणि ती कशी वाजत होती ते तोंडानं करून दाखवायचो, आणि हा चहाचा कप न ठेवता सांगायचा, "चेन ढिली आहे," "हवा खातेय." म्हणायचा, "तू मेकॅनिक नाहीस रे, भोंगा आहेस. पण सुरात वाजतोस." मग गॅरेज गेलं, वहिनी गेली, मी लिफ्टमध्ये शिरलो, आणि शर्यतींत नव्या गाड्या आल्या ज्यांना कार्बोरेटरच नसतो, कॉम्प्युटर लावून जुळवतात. त्याची एक गाडी राहिली, ती ताडपत्रीखाली.

आणि रविवारीच पुतणी येणार होती. दादाची एकुलती एक, दुसऱ्या गावी असते, मोठ्या हुद्द्यावर. तिनं तिकडं एक जागा बघितली होती, अशा माणसांना ठेवून घेतात, नर्सा आहेत, बाग आहे. वाईट पोरगी नाही. फोनवर म्हणाली, "काका, तुमच्यासाठीच म्हणतेय मी. काकूची पाठ बघा. आणि बाबा इथं असले काय, तिथं असले काय, त्यांना कळतंय का?" मी म्हटलं, "कळतं." ती म्हणाली, "कशावरून?" मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग ती हळूच म्हणाली, "एकदा तरी कळल्यासारखं काही केलं ना त्यांनी, तर मी कशाला नेईन?" फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन दादाच्या डोक्यामागं उभा राहिलो. टाळूवर केस विरळ झालेले, आमच्या वडिलांसारखे. खाली ताडपत्री दिसत होती. पैज मी चष्मेवाल्याशी लावली असं सगळ्यांना वाटतंय, वाटू दे.

सोमवारी संध्याकाळी ताडपत्री काढली. झुरळं पळाली. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं. आठवडाभर कामावरून आलो की कपडे न बदलता खाली. मला एकच सुचत होतं, आवाज. वर तिसऱ्या मजल्यावर पोचला पाहिजे, भिंतीतून, गाठीतून, त्या 'असावं'मधून आरपार गेला पाहिजे. म्हणून मोकळा सायलेन्सर आणला, ज्याच्यात जाळी नाही की काही नाही, नुसती तोफ. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून टाकलं, श्वास मोकळा व्हावा म्हणून. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललं, एक दात कमी, चढाला जोर मिळतो. मागचा शॉकअब्सॉर्बर कडक केला, टायरमधली हवा कमी केली. सगळं एका दमात. दादा असता तर, म्हणजे होताच तो, वर, पण तो दादा असता तर पाना हिसकावून घेतला असता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पळवायची, ऐकायची, मग दुसरी. हा त्याचा नियम. मला घाई होती, रविवार येत होता.

गाडी सुरू झाली मंगळवारी, चौदाव्या किकला. काय आवाज! पोस्टमास्तरांच्या खिडकीची काच वाजली, दोन कुत्री पळाली, चष्मेवाला टॉवेलवर बाहेर आला. मी वर बघितलं. कठड्यावर डोकं. हललं नाही. मग मी खाली बसलो, कार्बोरेटरच्या स्क्रूवर बोटं ठेवली, पाव आटा फिरवला, आणि वर बघितलं. सवय. पुन्हा पाव आटा, पुन्हा वर. शरीर मूर्ख असतं, ते जुन्याच जागी उभं राहतं. वरून खूण येत नव्हती आणि खुणेशिवाय मला कळत नव्हतं की आता सोडायचं की आवळायचं. आवाज मला नुसता मोठा ऐकू येत होता. बरा की वाईट ते कळणारा कान वर खुर्चीत बसला होता. शेवटी बोटं दुखली तिथं स्क्रू ठेवून दिला आणि वर गेलो. बायको दारातच होती. "बंद करा हो तो आवाज. भाऊजींना त्रास होतो." "काय झालं?" "डोळे मिटून घेतात. आणि हात कापतो त्यांचा, डावा. गाडी चालू झाली की कापायला लागतो, बंद झाली की थांबतो. एवढे मोठे झालात, काही कळतं का? आजारी माणूस तो." मी आत जाऊन बघितलं. डोळे उघडे, हात मांडीवर, शांत. मी त्याच्या पायाशी बसलो. माझ्या हातांना पेट्रोलचा वास, तो त्याला येत असेल का, असावं. म्हटलं, "दादा, माफ कर रे, पुन्हा नाही मोठ्यानं वाजवणार." त्यानंतर शनिवारपर्यंत मी गाडी दोनदाच चालू केली, तीही दोन दोन मिनिटं, अपराध्यासारखी. दोन्ही वेळा वर आल्यावर बायको म्हणाली, "कापला." मग मीच बंद केलं. थकलो होतो. पैजेचा, हसण्याचा, वर बघायचा, सगळ्याचा कंटाळा आला होता. शनिवारी बायकोनं दादाचे कपडे घडी करून बॅगेत भरले आणि मी खोलीत गेलो नाही.

रविवारी दहाला मागं सगळी इमारत. गच्चीवर बायका, ढिगाच्या कडेनं पुरुष, पोस्टमास्तर गळ्यात शिट्टी घालून. चष्मेवाल्यानं चष्मा डोळ्यांवर लावला होता, म्हणजे बघा. "काय, इन्शुरन्स काढलाय ना?" "तुमच्या दोन्ही काचा स्वच्छ आहेत ना तेवढं बघा." हशा. शिट्टी. मी दुसऱ्या गिअरमध्ये निघालो आणि पहिला अर्धा चढ गाडी अशी गेली की मला स्वतःलाच पटेना. माती मागं उडत होती, झुडपं हँडलला फटकारत होती, आणि मी विशीतल्या पोरासारखा ओरडलो. मग ती खोकली. जोर हवा तिथं आवाज बारीक झाला, सुईसारखा, एकदा उचकी, दोनदा, आणि गेली. माथा हातभर राहिला होता. हातभर. मी आणि गाडी शेजारी शेजारी घसरत खाली आलो, नवराबायकोसारखे. लोक ओरडत होते, टाळ्या, शिट्ट्या, आणि मी मातीत बसल्या बसल्या प्लग काढून बघितला. खडूसारखा पांढरा. पांढरा प्लग म्हणजे उपाशी इंजिन, दादा म्हणायचा. मी हवेचे सगळे दरवाजे उघडले होते आणि पेट्रोल तेवढंच ठेवलं होतं. पोटभर श्वास दिला आणि जेवायला घातलंच नाही. पाव आट्याचा प्रश्न होता. फार तर अर्ध्या.

पुढच्या अंगणात आलो तर पुतणीची गाडी उभी, डिकी उघडी, बॅग आत. दादाला लिफ्टमधून खाली आणलं होतं, मीच दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून, चाकाच्या खुर्चीत, फाटकाजवळ सावलीला. मागं बायको पदराशी चाळा करत. पुतणी म्हणाली, "काका, ऊन वाढायच्या आत निघतो आम्ही." मी काही बोलणार एवढ्यात सगळी वरात मागून आलीच. चष्मेवाला सगळ्यांपुढं, "पळून नाही जायचं! पाच! मोजतोय मी!" पुतणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अगं, पाच मिनिटं. पैज हरलोय." तिला काय वाटलं असेल, पण मान हलवली तिनं.

तर मी हात पुढं धरले, गुडघे वाकवले, किक मारली. पहिली फेरी लोकांसाठी मारली. तोंडानं तोफ केली, वळणावर हॉर्न, पोस्टमास्तर खूष. मागं ढिगापाशी गेलो तेव्हा बघायला कुणी नव्हतं, आणि दम लागला होता, आणि तोंडातून आपोआप जो आवाज निघायला लागला तो या तोफेचा नव्हता. गाडीचा जुना, आमचा. आणि मघाशी मेली तशी मरणारा, बारीक, सुईसारखा. तोच आवाज काढत दुसऱ्यांदा अंगणात आलो तर दादाचे डोळे मिटलेले. हात कापत होता. मला वाटलं थांबावं. बायको तेच म्हणाली, "बघा, कापायला लागला, बास करा ना." पण चष्मेवाला "दोन!" ओरडला आणि मी पाय ओढत पुढं गेलो, आणि मागच्या बाजूला, मातीच्या वासात, एकटा, मला आत्ता बघितलेलं दिसलं. कापणाऱ्या हाताची पाचही बोटं कापतात. याची तीनच हलत होती. अंगठा आणि दोन बोटं. हात डावा होता म्हणून खूण उलटी दिसत होती, आरशातल्यासारखी. बाटलीचं झाकण. बाहेरच्या बाजूला. सोड. पाव आटा सोड.

आठवडाभर तो कठड्याआड बसून सांगत होता. मी खालून नुसतं डोकं बघत होतो.

तिसऱ्या फेरीला मी आवाज खाली आणला, थोडा जड, थोडा ओला, पेट्रोल वाढल्यावर होतो तसा. खुर्चीसमोरून हळू गेलो. त्याचा पंजा सपाट झाला. थांब, ऐकू दे. पुतणीला काही कळलं नव्हतं, ती मोबाईल बघत होती. मला रडू येत होतं आणि तोंड इंजिनात गुंतलेलं, दोन्ही एकदम करता येत नाही. चौथ्या फेरीला मी लबाडी केली. जन्माची खोड. फाटकापाशी थांबलो, जागेवर पाय आपटत ओरडलो, "ए पोरी, मोबाईल ठेव आणि हात बघ बाबांचा!" आणि मुद्दाम आवाज बिघडवला, फारच जड केला, घुसमटलेला, चिंधी कोंबल्यावर व्हायचा तसा. दादाच्या कपाळावर आठी पडली. पाच महिन्यांतली पहिली. तीन बोटं उलट फिरली, आवळ, आणि पुन्हा, जोरात, आवळ ना गाढवा. मी आवळलं. पंजा सपाट. मी पुन्हा थोडं सोडलं. बोटांनी तेवढंच परत आवळलं. पुतणी खुर्चीसमोर खाली बसली होती, हात त्याच्या हातापासून वीतभर लांब धरून, शिवायला घाबरल्यासारखी. "काका, हे काय करतायत बाबा?" "काम करतायत," मी म्हटलं, श्वास घ्यायला मिळाला तेवढ्यात. बायको म्हणाली, "अहो, हे तर ते आठवडाभर करताहेत. मला वाटलं..."

पाचवी फेरी मारली तेव्हा गुडघे गेले होते आणि ओठ बधिर झाले होते. फाटकापाशी आलो. चष्मेवाल्यानं पंजा वर करून दाखवला. "पाच! झाली! फिटली पैज!" टाळ्या वाजल्या. पोस्टमास्तरांनी शिट्टी मारली. लोक पांगायला लागले. मी दादाकडं बघितलं. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, जसा कानाला स्क्रूड्रायव्हर लावलाय, आणि मांडीवर तीन बोटं अजून झाकण धरून. किंचित बाहेर. पाव नाही, त्याच्याही निम्मं. मूठ मिटली नव्हती.

मी हात पुन्हा पुढं धरले.

"अरे, झाल्या की पाच!" चष्मेवाला म्हणाला. "वेडा झाला का हा? थांब आता!"

"थांबा हो तुम्हीच," पुतणी म्हणाली. तिनं उठून डिकी बंद केली, तीही हळूच, आवाज न होऊ देता. आणि मी सहाव्या फेरीला निघालो, पाय ओढत, पाव आट्याच्या निम्मं सोडून.